लादलेले कर्तव्य, स्वीकारलेले कर्तव्य

गेल्या पावसाळ्यात आजऱ्यात झड लागलेली असताना एका रात्री माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला. पाचवी ते दहावी ती आपल्या वसतिगृहात राहिली, पुढे अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरीला लागली. ख्यालीखुशाली झाली, आईवडिलांची चौकशी झाली, आणि मग ती जरा थांबून म्हणाली, "सर, एक विचारायचं होतं. भाड्याचं घर बघायला गेले होते. मालकीणबाईंनी आडनाव विचारलं. आडनावावरून त्यांना काही उलगडेना. मग म्हणाल्या, म्हणजे तुम्ही कोण? मी म्हटलं, मराठा. घर मिळालं. पण शाळेत रोज सकाळी पंचशील म्हणत होतो ना आपण, ते राहून राहून आठवतंय. मी शील मोडलं का, सर?"

मी म्हणालो, "बाळ, विचार करून सांगतो." अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या माणसाने द्यावे असे हे उत्तर नव्हे. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याकडे दुसरे उत्तर नव्हते. स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा असेच प्रथम मनात आले. पण तो आढावा या अंकात इतरांनी माझ्यापेक्षा चांगला घेतला असेल. मी त्या मुलीचे देणे फेडण्याचा प्रयत्न करतो. तिचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. या शाळेतून बाहेर पडून पुण्या-मुंबईला, बेळगाव-बंगळूरला गेलेल्या आपल्या कितीतरी मुलामुलींना तो कोणत्या ना कोणत्या दारात पडलेला असणार.

या प्रश्नाच्या मुळाशी 'कर्तव्य' हा शब्द आहे, आणि तो शब्द आपल्या समाजाला सहज पचणारा नाही. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या घरात 'कर्तव्य' असा शब्द कुणी वापरत नसे; त्या जागी 'काम' होते. 'ते तुझं कामच हाय,' असे पाटलाच्या तोंडून आले की पुढे बोलणे नाही. रात्री-अपरात्री तालुक्याला वर्दी पोचवायची, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला वैरण घालायची, मयताची खबर घेऊन चार गावे पायी तुडवायची, मेलेले जनावर ओढून न्यायचे. मोबदल्यात बलुते, उरलेसुरले अन्न आणि भाऊबंदांत वाटून वाटून हातभर उरलेला वतनाचा तुकडा. या कामाला संमती कुणी विचारली नव्हती. जन्म हाच करारनामा, आणि त्यावर अंगठा आईच्या पोटातच उठलेला! राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानातील महार वतने मोडली. ब्रिटिश मुलखात मात्र १८७४ च्या वतन कायद्याने हे जोखड कायम ठेवले होते. ते सैल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ते तडीस गेले नाही. सरकारी दप्तरातून ही वतने संपली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. सवयी दप्तराबरोबर संपत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून १५ ऑगस्टच्या भाषणात एखादा पाहुणा 'हक्कांचा फार गवगवा झाला, आता कर्तव्याकडे वळा' असे म्हणू लागला की आपल्या वस्तीतील जाणती माणसे एकमेकांकडे बघतात. ते बघणे मला समजते. (जाता जाता एक नोंद : संविधानातील मूलभूत कर्तव्यांचे कलम ५१-क हे मूळ संविधानात नव्हते. ते १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. ती कर्तव्ये वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही; वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य तर मला फारच प्रिय आहे. पण कोणती गोष्ट केव्हा आली हे इतिहासाच्या शिक्षकाने सांगायला हवे.)

कर्तव्याचे तत्त्वज्ञान म्हटले की मराठी वाचकापुढे आपोआप 'गीतारहस्य' येते. लोकमान्य टिळकांनी तो ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात लिहिला, १९१५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातील 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात खरे-खोटे बोलण्याचा प्रश्न त्यांनी बराच विस्ताराने चर्चिला आहे, युरोपीय नीतिशास्त्रज्ञांचे दाखले देऊन चर्चिला आहे. ग्रंथाच्या व्यासंगाविषयी मला आदर आहे. पण कर्तव्य कोणते, हे शेवटी वर्णावर जाऊन टेकणार असेल, तर तो व्यासंग आमच्या आजोबांच्या काय कामाचा? गीतेतील 'कर्म' म्हणजे सर्वसाधारण कृती नव्हे, तर पूर्वमीमांसेतील कर्मकांड, आणि गीतेचे काम चातुर्वर्ण्याला तत्त्वज्ञानाचा टेकू देण्याचे, असा बाबासाहेबांचा आक्षेप होता. टिळकांचा अर्थ त्यांनी नाव घेऊन खोडून काढला. ते लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या तिसऱ्या खंडात ते प्रसिद्ध केले.

परंतु बाबासाहेब तिथे थांबले असते तर आपल्या हाती फक्त नकार उरला असता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि मंडळाने ऐनवेळी संमेलनच रद्द केल्यामुळे १९३६ साली स्वतःच छापलेल्या भाषणात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम सांगतो : अमुक कर, तमुक करू नको. तत्त्व माणसाच्या हाती निर्णयाची कसोटी देते. निर्णय त्याला स्वतःला घ्यावा लागतो, आणि म्हणूनच त्या निर्णयाची जबाबदारीही त्याच्यावर येते. केवळ आज्ञा पाळणाऱ्याकडून चूकही नीट घडत नाही, कारण ती त्याची नसते. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेविषयी लिहिताना त्यांनी हाच भेद पुन्हा वापरला. तथागतांची अहिंसा हा नियम नाही, तत्त्व आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हा भेद डोक्यात ठेवून आता थोडे दूर, प्रशियातील क्योनिग्जबर्ग नावाच्या गावी जाऊ. तिथे १७२४ साली घोड्यांचे खोगीर-लगाम करणाऱ्या एका चर्मकारागिराच्या घरी इमॅन्युएल कांट जन्मला. (तिथे चामड्याला हात लावणारा अस्पृश्य होत नव्हता, म्हणून त्याचा मुलगा विद्यापीठात प्राध्यापक झाला. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी वर्ग क्षणभर शांत होतो.) आयुष्यभर तो त्या परिसराबाहेर फारसा गेला नाही. १७८५ साली त्याने नीतीच्या पायाविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात एका दुकानदाराचे उदाहरण आहे, ते मी आजऱ्याच्या बाजारपेठेत आणतो.

आपल्या तालुक्याचा घनसाळ तांदूळ सर्वांना ठाऊक आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आंबोलीहून परतणारी पर्यटकांची गाडी थांबते, आणि घनसाळ मागते. गिऱ्हाइकाला घनसाळ आणि दुसरा बारीक तांदूळ यांतला फरक कळत नाही, हे दुकानदाराला पहिल्या दोन वाक्यांतच समजते. तरीही तो भेसळ करीत नाही, रास्त भाव लावतो. चांगली गोष्ट आहे. पण कांट विचारतो : का? गिऱ्हाईक पुन्हा यावे म्हणून, की नाव खराब होऊ नये म्हणून? तसे असेल तर हा प्रामाणिकपणा व्यापाराचा भाग झाला. ज्या दिवशी भेसळ पचण्याची खात्री होईल त्या दिवशी तो सुटेल. भेसळ करणे चूक आहे, एवढ्याच कारणाने जो करीत नाही, त्याच्याच कृतीला कांट नैतिक मोल देतो.

चूक आहे हे ओळखायचे कसे? यासाठी त्याने दिलेल्या कसोट्यांपैकी दोन पुरेशा आहेत. आपण ज्या धोरणाने वागतो ते सगळ्यांचे धोरण झाले तर चालेल का, हे स्वतःला विचारायचे. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार मिळवताना 'तुम्हाला तोशीस लागू देणार नाही' असे म्हणायचे आणि मनात हप्ता न भरण्याचे ठरवायचे, हे धोरण प्रत्येकाने स्वीकारले तर उद्या गावात कुणी कुणाला जामीन राहणार नाही आणि ते वचन देण्यालाही अर्थ उरणार नाही. म्हणजे खोटे वचन देणारा इतरांच्या खरेपणावर जगत असतो आणि स्वतःपुरती सूट मागत असतो. दुसरी कसोटी अशी की, कोणत्याही माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. त्याला स्वतःचे मोल आहे, किंमत नाही. वेसकराची काठी हाती देऊन ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाचे साधन केले, त्यांच्या वंशजांना ही दुसरी कसोटी फोड करून सांगावी लागत नाही.

कांटही आपल्या काळाचा होता, हे लपवू नये. आफ्रिकी माणसांविषयी त्याने लिहिलेला मजकूर आज वाचवत नाही. चाकरी करणाऱ्यांना आणि स्त्रियांना त्याने पूर्ण नागरिकाचा मताधिकार नाकारला. स्वतःची कसोटी स्वतःवर चालवायला तो विसरला. आणि त्याच्या कर्तव्याच्या शब्दाचा पुढे जो दुरुपयोग झाला तो तर भयंकर आहे. १९६१ साली जेरुसलेमला आइकमनवर खटला चालला. लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे धाडणाऱ्या आगगाड्यांची व्यवस्था लावणारा हा अधिकारी पोलिसांच्या चौकशीत म्हणाला की आपण आयुष्यभर कांटच्या कर्तव्यकल्पनेप्रमाणे वागलो. हॅना आरेन्टने आपल्या पुस्तकात याची नोंद केली आहे. त्याने कर्तव्याच्या जागी हुकूम ठेवला होता. 'ते तुझं कामच हाय' या वाक्याची ती जर्मन आवृत्ती म्हणायची. फरक इतकाच की आमच्या आजोबांना ते वाक्य वरून ऐकावे लागे, आणि आइकमन ते स्वतःच स्वतःला ऐकवीत होता.

आता आपल्या सकाळच्या वंदनेकडे येतो. पंचशीलातील प्रत्येक शील 'समादियामि' या पदाने संपते : मी ग्रहण करतो. तिथे आज्ञा देणारा कुणी नाही. मोडल्यास शिक्षा करणारा ईश्वर तर नाहीच नाही. मी शिकण्यासाठी एक पाऊल स्वतःहून उचलतो, एवढाच त्याचा अर्थ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञाही 'मी' या कर्त्याच्या आहेत. ज्यांच्या वाट्याला हजारो वर्षे दुसऱ्याने ठरवलेली कर्तव्ये आली, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची कर्तव्ये स्वतः उच्चारली. दीक्षेचा हा अर्थ आपण मुलांना पुरेसा सांगत नाही असे मला वाटते. मुले पाठ म्हणतात, आणि पाठ झालेल्या गोष्टीचा पुन्हा नियम होतो. माझ्या विद्यार्थिनीच्या फोनमध्ये मला हीच भीती जाणवली. तिने शील नियमासारखे धरले होते, आणि नियम मोडल्याची टोचणी तिला लागली होती.

पण मग खोटे बोलणे मोकळे झाले काय? नाही. इथेच प्रश्न अवघड होतो. सुदैवाने या वाटेने खुद्द बाबासाहेब गेलेले आहेत.

१९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, तेव्हा परत येऊन बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. दिलेले वचन पाळण्यासाठी १९१७ साली ते बडोद्याला उतरले. राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक होते. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथल्या रखवालदाराच्या लक्षात आले की या माणसाच्या अंगावर सदरा-कस्ती नाही. दोघांत तडजोड ठरली : नोंदवहीत पारशी नाव लिहायचे, रोजचे दीड रुपया भाडे द्यायचे. अंधाऱ्या, अडगळीने भरलेल्या माडीवर एका कंदिलाच्या उजेडात ते दिवस काढू लागले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन जिना चढून आले आणि दारात उभे राहून विचारू लागले : तू कोण? ते निरुत्तर, गप्प उभे राहिले. आलेल्यांना त्यांची जात कळलेली होती. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून ते गेले. एका हिंदू मित्राने आणि एका ख्रिस्ती मित्राने आपापल्या अडचणी सांगितल्या. मग विद्वान अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिले.

हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे. मला त्यात विशेष वाटते ते हे की, तोतया नाव लावण्याच्या कृतीला त्यांनी गोड नाव दिलेले नाही. ती फसवणूकच होती आणि ती उघडकीला आली, अशाच अर्थाची कबुली तिथे आहे. वचन पाळण्यासाठी आलेल्या माणसाला नाव खोटे सांगावे लागले, आणि दोन्ही गोष्टी त्यांनी लपवल्या नाहीत.

योगायोग असा की कांटनेही दाराचेच उदाहरण चर्चिले आहे. खुनी माणूस दारात येऊन विचारतो, तुझा मित्र घरात लपला आहे काय? बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताचे म्हणणे असे की, ज्याला सत्यावर हक्क नाही त्याला सत्य सांगण्याचे कर्तव्यही नाही. १७९७ साली कांटने उत्तर दिले : तरीही खोटे बोलता येणार नाही. कांटचा तो लेख मी एमएच्या वर्षी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. आज मला वाटते, त्याचा निकाल चुकला, पण कसोटी चुकली नाही. कसोटी आपण लावून पाहू.

'जात विचारून दार लावणाऱ्याला मी खरी जात सांगणार नाही,' हे धोरण सर्वांनी स्वीकारले तर काय होईल? जामीनदाराच्या उदाहरणात वचनावरचा विश्वास मरत होता. इथे मरतो तो जात विचारण्याचा व्यवहार. विचारून उपयोग नाही असे झाले की विचारणे थांबेल. त्यात बुडण्याजोगे असे काय आहे? उलट मालकीणबाईंचे धोरण तपासा : 'जात पाहूनच आसरा देईन.' ते सार्वत्रिक झाले तर त्यांचाच मुलगा परदेशी शिकायला गेला की रंग आणि धर्म पाहून त्याला दार लावले जाईल, आणि त्यांना ते कबूल होणार नाही. स्वतःपुरती सूट मागणाऱ्या त्या आहेत. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. भाड्याच्या घराच्या दारात ती आडनावाची चौकशी होऊन शिल्लक राहिली आहे. तेव्हा, बाळ, तुझे पहिले उत्तर हे : त्या दारात अपराध आधी प्रश्नाचा होता.

तू 'मी भारतीय' म्हणून हसून वेळ मारून नेली असतीस तर अधिक बरे झाले असते का? कदाचित. गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत फरक आहे, आणि शक्य तिथे गप्प राहणेच मी निवडीन. पण संध्याकाळची वेळ, अनोळखी शहर, हातात बॅग आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होण्याचे पत्र, अशा अवस्थेतल्या मुलीला शब्दांची निवड शिकवण्याचा अधिकार आजऱ्यात स्वतःच्या घरात बसलेल्या मला नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. बडोद्याचे नाव दहा दिवसांचे होते. आपल्यातील काही सुशिक्षितांचे तीस तीस वर्षांचे झाले आहे. आडनाव बदलले, इथवर मी काही म्हणणार नाही. पण सहकारी घरी येणार म्हटल्यावर बाबासाहेबांची तसबीर कपाटामागे जाते, मुलांना 'जयभीम' न म्हणण्याची खूण होते, गावाकडची म्हातारी आई पाहुण्यांसमोर येऊ नये अशी व्यवस्था होते. तिथे दारात काठी घेऊन कुणी उभे नसते. असते ती सोय. कांटने माणसाची स्वतःविषयीही कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत स्वतःला हीन न करणे हे एक आहे. संकटात घेतलेले खोटे नाव आणि सवयीने पांघरलेले खोटे नाव यांत अंतर आहे. ते नेमके कुठे सुरू होते हे बाहेरून सांगता येत नाही. ज्याचे त्याला कळते. बाबासाहेबांनी आपले नाव पुढे लिहून जगजाहीर केले. आपण आपली गोष्ट मुलांना सांगू शकतो का, एवढे विचारले तरी बरेच कळेल.

इतरांना एवढे ऐकवल्यावर स्वतःचे एक सांगितले पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दहावीच्या परीक्षाकेंद्रावर मी पर्यवेक्षक होतो. केंद्राचे नाव सांगण्याची गरज नाही. गणिताचा पेपर होता. माझ्या खोलीत आमच्याच वस्तीतला एक मुलगा होता. बाप मुंबईची गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेला, घरात खाणारी तोंडे सात. त्याच्या बाहीत कागद होता. मला तो दिसला. मी खिडकीकडे गेलो आणि बाहेर बघत उभा राहिलो. मनात वाक्य होते : आपला पोरगा आहे, एवढं एक वर्ष निघू दे. त्याच खोलीत मागच्या बाकावर धनगरवाड्यावरची एक मुलगी कोऱ्या पुरवणीकडे बघत बसली होती. तिने कागद आणला नव्हता. निकाल लागला, मुलगा पास झाला, पेढे घेऊन आला. मुलगी गणितात गेली आणि पुढे शाळेकडे फिरकली नाही, असे नंतर कळले. तिचे नावही मला आज आठवत नाही.

त्या दिवशी मी दयेने वागलो अशी समजूत मी बराच काळ बाळगली. दया होतीच. पण ती कुणाला द्यायची हे 'आपला' या शब्दाने ठरवले. हिंदू माणसाची जबाबदारी आपल्या जातीच्या कुंपणाशी संपते, तेवढाच त्याचा समाज असतो, असे बाबासाहेबांनी त्याच १९३६ च्या भाषणात म्हटले आहे. मी ते भाषण तोवर दोनदा वाचले होते, त्यावर व्याख्यानही दिले होते. आणि परीक्षेच्या खोलीत मी नेमका त्या वर्णनातला माणूस झालो. त्या मुलीला मी फसवले, कारण खोलीतला नियम सर्वांना सारखा आहे या विश्वासावर ती बसली होती. घरमालकिणीची सूट आणि माझी सूट यांची जात एकच.

म्हणून वसतिगृहात कुणी 'सर, आपल्यातलाच आहे' अशी शिफारस घेऊन आला की मी आता जास्त कडक होतो. काही पालकांचा यावरून माझ्यावर राग आहे, आणि तो राग घेऊनच मी निवृत्त होणार असे दिसते.

कर्तव्य दोन्ही बाजूंनी वाहते, हे समजायला दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त उपयोगी पडते. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला तथागत सांगतात की दिशा म्हणजे नाती. आईवडील, शिक्षक, पत्नी, मित्र, सेवक, श्रमण. प्रत्येक नात्यात मुलाचे पाच तर आईबापाचेही पाच. शिष्याची पाच तर गुरूचीही पाच. एका बाजूला सगळी कर्तव्ये आणि दुसऱ्या बाजूला सगळे हक्क अशी वाटणी तिथे नाही. मालकाने सेवकाला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारात सांभाळावे, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आहे! आता आपल्या शहरी घरांत बघू. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवणारी घरे आपल्यातही निघाली आहेत. त्यातल्या एका घरी मी चहा घेतला आहे. भिंतीवर बाबासाहेब होते, आणि मोरीच्या कट्ट्यावर तो कान तुटलेला कप. मी काही बोललो नाही, हेही इथेच नोंदवतो. आपल्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी आपल्या कित्येक पिढ्यांना आधी वाढून मग स्वतः ताट घेतले. माजी विद्यार्थी मेळाव्याला येतात, शिक्षकांना शाली देतात. स्वयंपाकघरात किती जण डोकावतात, हे मोजायला फार वेळ लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी आजऱ्याला आली तेव्हा यातले बरेचसे मी तिला समक्ष बोललो. हिरण्यकेशीच्या पुलाकडे फिरायला गेलो होतो. परीक्षेच्या खोलीची गोष्ट ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, मालकीणबाई तशा वाईट नाहीत हो. मला ताप आला तेव्हा काढा करून दिला त्यांनी. म्हणून तर जास्त अवघड वाटतं." मी विचारले, "मग काय करणार?" ती म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं."

मी सांगितले नाही. तसे सांगण्यासाठी मी शिकवले नव्हते.

तिच्या खोलीत अजून बाबासाहेबांची तसबीर लावलेली नाही, ती बॅगेत आहे. भाड्याच्या कराराची मुदत जूनमध्ये संपते, आणि नव्या करारावर सही करण्यापूर्वी त्या बाईंबरोबर चहाला बसायचे असे तिने ठरवले आहे. सोबत मी येऊ का, असे मी विचारले होते. ती म्हणाली, "नको सर, मी एकटीच बोलते. झालं की फोन करते."